विहीणबाईंची खारी कणीक

विहीणबाई,

काल रविवार होता, आणि तुमच्या ओट्यावर पोरं येऊन बसली. बोलावलं कुणीच नव्हतं. तुमचं दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले होते, अंगणातला मांडव सुटला होता, एवढंच त्यांनी पाहिलं असावं. मांडव गेला म्हणजे ओटा मोकळा, आणि ओटा मोकळा म्हणजे आपला, असा साधा हिशोब. प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरची ताटली होती. शेजारच्या साईराजला ताटली सापडली नाही म्हणून त्याने पातेल्याचं झाकण आणलं होतं.

घरातलं कुणी त्यांना जा म्हणेना, कुणी बसा म्हणेना. व्याही खिडकीशी बसून समुद्राकडे बघत होते. तुमचा हर्षद रात्रपाळी करून आलेला, भिंतीला टेकून नुसता उभा. माझी रेश्मा, म्हणजे तुमची सून, मला दारातच गाठून कुजबुजली, "आई, आज नको. तनूला उगाच आठवण येईल."

आपली दोघींची नात परात पालथी घालून तिच्यावर बसली होती. आठवण यायची ती येऊन, बसून, ताक पिऊन गेलेली दिसत होती. तिने माझ्या पिशवीकडे बघत विचारलं, "पीठ आणलं?"

पोरांना खेळायला पीठ द्यायचं की घरी पाठवायचं, हा रेश्माचा प्रश्न झाला. माझा प्रश्न वेगळा होता. पीठ कुणीही देईल हो. पण पिठाचं जे काही केलं ते संध्याकाळी मोडायला कोण सांगणार? ते काम तुमचं. आणि ते काम तुम्ही करू नये म्हणून मी दर रविवारी बोईसरहून दांडीला येऊन तुमच्याशी भांडत आले. मी हरत आले. आता समोर कुणी नाही म्हटल्यावर मी काय करणार होते, हे मला रिक्षातून उतरले तेव्हाही माहीत नव्हतं.

ते सांगतेच. पण आधी मला तुमच्याशी थोडं बोलू द्या. तुम्ही मध्येच तोडणार नाही असा हा पहिलाच प्रसंग आहे, तो मी सोडणार नाही.

तुमच्या हर्षदने आणि माझ्या रेश्माने कारखान्याच्या कँटीनमध्ये काय ठरवायचं ते ठरवलं आणि आपण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. मी कराडकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आलेली, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुंडीत तुळस लावणारी. तुम्ही दांडीच्या, समुद्राला सासर-माहेर दोन्ही मानणाऱ्या. हळदीच्या दिवशी मी तुमच्या अंगणात पहिलं पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. सुकत घातलेल्या बोंबलांशी माझी ती पहिली ओळख. तुम्ही पाहिलंत. एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, बाई गरीब आहे.

मग दिवाळी आली. तुमच्याकडून फराळाचा डबा आला. वर चकल्या, मध्ये करंज्या, आणि तळाशी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले सुके बोंबील. आमच्या अख्ख्या जिन्यात तुमची दिवाळी पोचली. खालच्या मजल्यावरचे लोक गॅस गळतोय का बघायला बाहेर आले. मी तणतणत फोन केला, तर तुम्ही काय म्हणालात?

"ईनबाय, रुमाल हाय ना घरात?"

त्या क्षणी मी तुमच्या प्रेमात पडले, विहीणबाई. तोलामोलाचं माणूस आयुष्यात उशिरा भेटतं, आणि भेटतं तेव्हा चकलीखालून भेटतं.

खऱ्या लढाईला तोंड फुटलं ते तनूमुळे. पोर अडीच वर्षांची असेल. मी दुकानातून रंगीत क्लेचा डबा आणला, झाकणावर हत्तीचं चित्र असलेला. आजीची पहिली मोठी भेट! तनूने निळी कांडी काढली, दोन्ही बाजूंनी नीट पाहिली आणि खाल्ली. तुम्ही टोपली टाकून धावलात, तिच्या गालफडात बोट घालून निळा लगदा बाहेर काढलात आणि डबा माझ्या मांडीवर ठेवलात.

"पोरगी जे तोंडात घालील ते घरातला पायजे," तुम्ही म्हणालात. "रंगबी घरातला. पीठबी घरातला."

"अहो, पिठाचा क्ले घरी करतात. मी फोनवर पाहिलंय. शिजवायचा असतो."

"खेलायचा पीठ शिजवतात? मग जेवायचा काय करतात, वाळूत पेरतात?"

असं म्हणून तुम्ही तांदळाचं पीठ घेतलंत. तुमच्या घरात भाकरी तांदळाची, तेव्हा पीठ म्हणजे तांदळाचं, दुसरं पीठ जगात आहे हेच तुम्हाला मान्य नव्हतं. थंड पाण्यात भिजवलंत, मीठ घातलंत, मळलंत आणि मोठ्या ऐटीत होडी केलीत. होडी ओट्यावर ठेवली आणि ती डोळ्यांदेखत मधोमध उलली. दुसरी केलीत, तीही. तिसरीची तर पुढची नाळ आणि मागची बाजू दोन दिशांना गेली.

मी म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या होडीला भेग पडली."

"होडी हाय, भेग पडनार. डांबर लावायचा."

तुमची हीच तर गोष्ट होती. चुकल्यावर तुम्ही कधी खाली बघितलं नाहीत. चुकीलाच असं काही सजवायचात की बरोबर असलेल्या माणसाला शरमल्यासारखं व्हावं.

पुढच्या खेपेला मी तांदळाच्या पिठाची उकड काढून आणली. मोदकाची काढतात तशी, मऊसूत, गरम. भेग नाही, चिकटणं नाही. मी पदर खोचून तुमच्यासमोर ती परातीत थापली तेव्हा माझ्या चेहऱ्यावर जे भाव होते ते आमच्या हौशी नाटकात मला शेवटच्या प्रवेशाला लागतात. तोवर गल्लीतली पोरंही जमायला लागली होती. प्रत्येकाला एकेक गोळा दिला. तुम्ही आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत परात चाटून लख्ख झाली होती. एकानेही काही बनवलं नाही. सगळ्यांनी खाल्लं. साईराजने वर विचारलं, "आजी, याच्यात गूळ नाय?"

तुम्ही ओट्याच्या खांबाला धरून हसत होतात. हसता हसता खोकला लागला, तरी हसत होतात. आणि मला आठवतंय, मीसुद्धा हसले, पण तुम्ही बघत नसताना.

शेवटी मैद्यावर तह झाला. मैदा माझा, मीठ तुमचं, तेल दोघींचं अर्धं अर्धं. पण शिजवायचा की कच्चा, याचा निकाल कधी लागलाच नाही. मी घरून कढईत शिजवून आणायची: मैदा, मीठ, तेल, लिंबाचे दोन थेंब, कडा सुटेपर्यंत हलवलेला, लोण्यासारखा. तुम्ही पोरांसमोर परातीत कोरडं पीठ ओतायचात, मधे खड्डा करून पाणी घालायचात आणि म्हणायचात, "घाला हात." आठ-दहा पोरांचे हात एकदम आत. कोपरापर्यंत पीठ. एकाच्या केसात, एकाच्या नाकात. एकीचं पाणी जास्त झालं की ती रडायची, दुसऱ्याचं पीठ जास्त झालं की तो तिला द्यायचा. मीठ घालताना तुमची मूठ मासे खारवायच्या मुठीएवढीच पडायची, त्यामुळे ज्याच्या बोटाला खरचटलेलं असेल तो तिथल्या तिथे नाचायला लागायचा. हळद तुमच्या डब्यातली, बीट माझ्या पिशवीतलं, माशांना डोळे मिऱ्यांचे आणि मिशा झाडूच्या काड्यांच्या. माझा लोण्यासारखा शिजवलेला गोळा बाजूला डब्यात बसून राहायचा, लग्नात मान न मिळालेल्या मामासारखा. कुणी तरी दया येऊन घेतलाच तर तुम्ही म्हणायचात, "घे रं, ईनबायचा पन घे, ती कराडवरना आलीय."

मी बोईसरहून यायची. तुम्हाला माहीत होतं.

आणि मग संध्याकाळ व्हायची. ओट्यावर मगरी, होड्या, भाकऱ्या, गणपती, पापलेटं, आणि साईराजचा जेसीबी. हा पोरगा दर रविवारी जेसीबीच करायचा, आणि दर रविवारी त्याला एक चाक जास्त व्हायचं. दिवा लावायची वेळ झाली की तुम्ही रिकामी परात घेऊन उभ्या राहायचात, कमरेवर हात, आणि असा आवाज काढायचात की बंदरावरची माणसं मागे वळून बघायची.

"मोडा रं पोरांनोऽऽ!"

आणि पोरं मोडायची! मुठींनी, तळव्यांनी, एकदोघं तर बूड टेकवून. किंचाळत, हसत. अर्ध्या मिनिटात सगळ्या जगाचा एक गोळा. तो तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात टाकायचात की झालं.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. तनूने त्या दिवशी शिडाची होडी केली होती. काडीची डोलकाठी, तिला पानाचं शीड. ती तिने स्वतःच्या हाताने चेचली आणि टाळ्या वाजवल्या. मी तुम्हाला तिथेच धारेवर धरलं.

"अहो, पोरीने इतक्या मायेने केलेलं असं मोडायला लावतात? वाळवून ठेवलं असतं, रंग दिला असता, माझ्या शोकेसमध्ये ठेवलं असतं!"

"तुमच्या शोकेसात ससा हाय ना, कापसाचा?"

"रेश्माने बालवाडीत केलेला आहे तो."

"कवा मेला?"

पण मी सोडलं नाही. मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही अख्खा जन्म वाळवण्यावर काढलात. बोंबील वाळवता, मांदेली वाळवता, जवळा वाळवता. पावसाळ्यात घराघरांत तुमची वाळवणं शिजतात. आणि मला सांगता वाळवू नका?"

तुम्ही परात खाली ठेवलीत. माझ्याकडे असं बघितलंत, जसं मी भरतीला ओहोटी म्हटलंय.

"मासली मेलेली असते, ईनबाय. म्हनून सुकवायची. यो गोला जिता हाय. जित्याला कोन सुकवतो?"

बाजू पक्की होती तुमची. मी रिक्षात बसून बोईसर येईपर्यंत उत्तर शोधलं, सापडलं नाही. घरी जाऊन सशाकडे बघितलं तर त्याचा एक कान खाली आला होता. मला तुमचा फारच राग आला.

पण विहीणबाई, देव माझ्याकडेही बघतो. त्याने माझ्यासाठी कदमवहिनी पाठवल्या.

कदमवहिनी आमच्या बिल्डिंगमधल्या. त्यांचे मिस्टर प्लांटला, त्या मूळच्या सांगलीकडच्या. मीच त्यांना तुमच्याकडची सुकी मासळी घ्यायला शिकवलं होतं. होय, मीच! नाकाला रुमाल लावणारी मी, तुमच्या मांदेलीची जाहिरात करत फिरायला लागले होते, आणि हे तुम्हाला कधी कळू दिलं नव्हतं. तर एका सकाळी त्या वाटी घेऊन माझ्या दारात. वाटीत पिवळट लपशी आणि त्या लपशीत एक मिरी.

"तुमच्या विहिणीने मला काय विकलंय बघा. कालवणात टाकली आणि एक मांदेली विरघळली! रस्सा असा घट्ट झाला की पळी उभी राहतेय. आणि मीठ तर विचारूच नका."

मी त्या मिरीकडे बघितलं. त्या मिरीने माझ्याकडे बघितलं. तो डोळा मला ओळखीचा होता.

"चला," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता बाजारात चला."

आठवतो ना तो प्रवेश? तुम्ही टोपली मांडून बसलेल्या, भोवती गिऱ्हाईक. कदमवहिनींनी वाटी पुढे केली. सुकलेली मांदेली सोनेरी, हळदीच्या कणकेचा बारका मासा सोनेरी. मांदेलीच्या जाळीवर तो बेमालूम सुकला होता आणि मुठीबरोबर वजनात गेला होता. हे मला कळलं, तुम्हाला कळलं, आणि आपल्या दोघींना कळलंय हेही दोघींना कळलं. पण तुमची मान ढळली नाही.

"ताई," तुम्ही कदमवहिनींना म्हणालात, "यो नवीन मासा हाय. आमच्या बंदरात एकच गावला."

"एकच?"

"तुमचा नशीब चांगला."

"अहो, पण विरघळला तो!"

"ताजा होता."

कदमवहिनी हतबुद्ध झाल्या. तुम्ही त्यांच्या पिशवीत दोन मुठी जवळा कोंबलात, वर आशीर्वाद दिलात आणि त्या आभार मानत निघून गेल्या. मग मी तुमच्या शेजारी पोत्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मासळी बाजारात बसले मी, आणि खुर्ची मिळाल्यासारखी बसले.

"जित्याला कोण सुकवतो, विहीणबाई?"

तुम्ही समोरच्या गिऱ्हाईकाला भाव सांगत राहिलात.

"मोडायचा आवाज काढून सगळ्यांचे मासे मोडायचे आणि एक हळूच पदराआड न्यायचा! तनूचा होता ना? मिरीचा डोळा तिचाच. एकच डोळा लावते ती, दुसरा पलीकडच्या बाजूला आहे म्हणते."

"मना काय म्हाईत. वाऱ्याने उडून गेला असंल."

"मासा? वाऱ्याने? थेट जाळीवर?"

"घिवली गावावरना वारा येतो कधी कधी, जोराचा."

एवढंच. शेवटपर्यंत तुम्ही कबूल केलं नाहीत. मी हर प्रकारे विचारून पाहिलं: लाडाने, रागाने, सणाच्या दिवशी, जेवताना घास तोंडात असताना. प्रत्येक वेळी वारा. पण त्या दिवशी बाजारात तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या, आणि मला जे कळायचं ते कळलं. तनूने स्वतःच्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय केलेला तो पहिला मासा होता. तुम्हाला मोडवला नाही. आणि मोडवला नाही हे लोकांना कळू नये म्हणून तुम्ही तो शंभर माशांत लपवलात. मला शोकेस लागतं, तुम्हाला जाळी पुरली.

बघा, हे मला तुमच्यासमोर म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तुम्ही टोपलीतला बोंबील फेकून मारला असतात. म्हणून राहून गेलं.

आणखी एक राहून गेलं. मी बोईसर नाक्यावर रिक्षात बसले की टोमणे पाठ करायला सुरुवात करायची. खरंच. तुम्ही अमुक म्हणालात तर मी तमुक म्हणेन, तुम्ही शिजवण्यावर आलात तर मी होडीच्या भेगेवर जाईन. ओठ हलायचे माझे. शेजारची बाई समजायची मी स्तोत्र म्हणतेय, पाय आवरून बसायची. वाटेत पास्थळ येईपर्यंत माझी तयारी पुरी व्हायची. मग दांडीला उतरायची, ओट्याची पायरी चढायची, आणि तुम्ही असं काही तरी बोलायचात जे मी धरलंच नव्हतं. सगळी तयारी पाण्यात! मुली लग्न होऊन गेल्या, नवरा पेपरात डोकं घालून बसला, की या वयात बाईशी कोण इतक्या निगुतीने भांडतं हो? लोक काळजी घेतात, गोळ्या घेतल्या का विचारतात. तुम्ही मला कधी गोळ्यांचं विचारलं नाहीत. तुम्ही मला आठवडाभर पुरेल एवढा राग द्यायचात आणि मी टवटवीत घरी यायची.

त्या शेवटच्या रविवारीही तसंच झालं. मी म्हटलं, "निदान गणपती तरी मोडू नका, विसर्जन तरी करा." तुम्ही म्हणालात, "मोडला म्हंजे विसर्जनच झाला, पाण्याचा खर्च वाचला." मी पिशवी उचलली आणि पायरीवर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पुढच्या रविवारी मी येणार नाही!"

"बरा झाला," तुम्ही म्हणालात, "मैदा वाचंल." आणि माझ्या पिशवीत मांदेलीची पुडी सरकवलीत.

असं मी किती वेळा जाहीर केलं असेल, आणि किती वेळा मैदा वाचला नसेल! पण तो आठवडा पुरा व्हायच्या आत तुम्ही बाजार करून आलात, टोपली उतरवलीत, "जरा पडते" म्हणालात, आणि उठला नाहीत. येणार नाही असं मी ओरडून सांगितलं आणि न येण्याचं तुम्ही करून दाखवलंत. ही कुरघोडी मला आवडलेली नाही, हे नोंदवून ठेवते.

आता कालचं.

रेश्मा म्हणत होती नको. मी पिशवीतून माझा डबा काढला, घरून शिजवून आणलेला, लोण्यासारखा. म्हटलं पोरांना एकेक गोळा देऊ, थोडा वेळ खेळतील, जातील. तनूने डब्यात बोट खुपसून बघितलं आणि झाकण लावलं.

"हा नको. कोरडा दे."

"कोरडा कशाला गं?"

"हात कशात घालायचे मग?"

मैद्याचा दोन किलोचा पुडा होता पिशवीत. कसा काय होता, विचारू नका. मी तो परातीत रिकामा केला. हर्षद भिंतीपासून सुटला आणि आत जाऊन तुमच्या मिठाची बरणी घेऊन आला. मूठ त्याचीही तुमच्यासारखीच पडली. पोरांचे हात आत गेले. एकीचं पाणी जास्त झालं, ती रडली. साईराजच्या बोटाला खरचटलं होतं, तो नाचला. रेश्मा दारात उभी होती, ती केव्हा खाली बसून मळायला लागली मला कळलं नाही. मला दिसली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं आणि डोळे ती खांद्याला पुसत होती.

मग खिडकीतून आवाज आला. "मना बी द्या वायच."

व्याही हो! इतकी वर्षं आपण ओट्यावर गोंधळ घातला आणि या माणसाने खिडकीतून कधी मान बाहेर काढली नव्हती. आले, पोरांत मांडी घालून बसले, आणि एक होडी केली. काय होडी! नाळ, सुकाणू, आत जाळ्याचा ढीग, सगळं. साईराज आपला जेसीबी सोडून बघत राहिला. मी म्हटलं, "व्याही, तुम्ही कधी बोलला नाहीत की तुम्हाला येतं." ते म्हणाले, "दोन बायका बोलत व्हत्या. मधी कुठं घुसू?"

संध्याकाळ झाली. उन्हं ओट्याच्या पायरीवरून खाली उतरली. ताटल्यांमध्ये सगळं करून झालं होतं, पोरं हात झटकून बसली होती आणि कुणी उठत नव्हतं. कुणी मोडत नव्हतं. ती वाट बघत होती. आधी आतल्या दाराकडे बघितलं त्यांनी, सवयीने. मग एकेक करून माझ्याकडे.

रेश्मा हळूच म्हणाली, "आई, आज राहू दे ना. आजचं सगळं ठेवू या."

विहीणबाई, मी जिंकले होते. समजतंय का तुम्हाला? माझ्या विरोधात बोलायला कुणी नव्हतं. पोरं माझ्या शब्दावर, लेक माझ्या बाजूला, आणि समोर व्याह्यांची ती होडी, जी कुणीही काचेत ठेवावी. आणि तनूच्या ताटलीत दोन बायका. एक हळदीची पिवळी, एक बिटाची गुलाबी. दोघींचे हात कमरेवर.

"या कोण गं?"

"ही दांडीची आजी. ही तू."

"काय करतायत?"

"भांडतात," ती म्हणाली, जसं काही 'जेवतात' म्हणावं.

मला त्या दोघी हव्या होत्या. मनापासून सांगते, आयुष्यात कुठली वस्तू मला इतकी हवीशी वाटली नसेल. फडक्यात गुंडाळून नेल्या असत्या, उन्हात नीट वाळवल्या असत्या, रोज येता-जाता बघितल्या असत्या. त्यांच्यावर धूळ बसली असती. वर्षा-दोन वर्षांनी एकीचा हात गळला असता. आणि एखाद्या पाहुण्याने विचारलं असतं, या कोण, की मी सांगितलं असतं, आणि सांगताना दर वेळी थोडं कमी आठवलं असतं.

मी उठले. परात उचलली. घसा खाकरला. नाटकात मी राणी झालेय, राक्षसीण झालेय, एकदा तर ऐन वेळी सेनापतीही झालेय. पण असा आवाज मला कधी काढावा लागला नव्हता.

"मोडा रे पोरांनो!"

कुणी हललं नाही. मग साईराज खुदकन हसला. "तसा नाय, आजी! तुमी शाळेतल्या बाईसारखा बोलता. पोटातना काढायचा. रंऽऽ असा."

"रंऽ," मी म्हटलं.

"आजून."

सगळी पोरं मला शिकवायला लागली. रंऽऽ, रंऽऽ! व्याहीही शिकवत होते. मी कमरेवर हात ठेवला, खांद्यावर परात घेतली आणि पोटातून, अगदी पोटातून, ओरडले.

आणि पडल्या मुठी! किंचाळ्या, हशा, थपडा. जेसीबी गेला, जास्तीच्या चाकासकट. गणपती गेला. व्याह्यांनी आपल्या होडीवर तळवा ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि दाबला. रेश्मा हसत होती आणि रडत होती आणि तिने काय मोडलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तनू मात्र थांबली होती. तिने दोन्ही बायकांना उचललं, एकमेकींच्या तोंडासमोर धरलं, नीट बघितलं. मग दोघींना एकत्र दाबलं आणि मळायला लागली. गाल गालाला लागला, कमरेवरचे हात एकमेकींत गेले. पिवळा आणि गुलाबी आधी शेजारी शेजारी होते, मग पट्टे झाले, मग एक शेंदरी रंग झाला. तो गोळा तिने माझ्या तळहातावर ठेवला. कोमट होता.

"बाकीच्यात टाक," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी लागंल."

मी टाकला. ओल्या फडक्यात गुंडाळून डबा तुमच्या फळीवर ठेवलाय. पण टाकण्याआधी मी तो फिरवून बघितला, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सगळं एक झालं होतं, फक्त एका बाजूला एक तोंड तेवढं उघडं राहिलं होतं, बोलता बोलता थांबल्यासारखं.

ते तोंड तुमचं होतं, विहीणबाई. मी उजेडात नीट बघितलंय, माझी खात्री आहे.

पटत नसेल, तर या आणि भांडा.